यादीत नसलेलं पुस्तक

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

हे भाषण आमच्यातली एकजण वाचून दाखवतेय, पण लिहिलंय आम्ही बारा जणींनी मिळून. म्हणून ह्यात जागोजागी ‘आम्ही’ येईल. एकदोन ठिकाणी आमचं एकमत झालेलं नाही, तेही झाकून न ठेवता सांगू.

जून लागला की औरंगपुऱ्यात पाय ठेवायला जागा नसते, हे आपल्या शहरात कुणाला सांगायला नको. आता गावाचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, पण जूनमधला औरंगपुरा तसाच आहे. फुल्यांच्या पुतळ्यापासून आत वळलं की दुकानादुकानासमोर बायकांची रांग. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात शाळेने दिलेली यादी. आठ दोनशेपानी वह्या, चार शंभरपानी, दोन चौकटीच्या, चित्रकलेची एक, खाकी कव्हरचा रोल, नावाच्या चिठ्ठ्या. दुकानातला मुलगा यादीवर भराभर खुणा करतो, गठ्ठा बांधतो, मागचीला पुढे घेतो.

गेल्या जूनमध्ये अशाच रांगेत आमच्यातली एकजण तिच्या नातवाला घेऊन उभी होती. नातू सात वर्षांचा. काउंटरच्या कोपऱ्यात गोष्टीची पुस्तकं टांगलेली होती, त्यातल्या एकाला त्याने हात लावला. आमची मैत्रीण सवयीने म्हणाली, “यादीत नाही ना ते? मग राहू दे.” पोराने मुकाट्याने हात मागे घेतला. घरी येईपर्यंत तिला ते डाचत राहिलं. दुसऱ्या दिवशी भिशीला आली तेव्हा तिने तेच सांगितलं. आणि मग प्रत्येकीला आपापलं आठवायला लागलं. आपण सगळ्यांनीच कधी ना कधी हे म्हटलेलं आहे. कव्हरच्या रोलवर पैसे घातले, गोष्टीच्या पुस्तकावर नाही.

तिथून आमची भिशी बदलली. आधी ती पैशांची होती, आता पुस्तकांची आहे. बारा जणी, महिन्याला दोनशे रुपये, म्हणजे चोवीसशे. जिची चिठ्ठी निघेल तिने त्या पैशांची पुस्तकं घ्यायची. लहानांसाठी काही, शाळेतल्या मोठ्या मुलामुलींसाठी काही आणि स्वतःसाठी एक तरी. ही शेवटची अट महत्त्वाची, कारण ती घातली नसती तर आम्ही सगळे पैसे पोरांवरच खर्च केले असते. पुस्तकं बाराही घरांत फिरतात, वर्ष संपलं की जिची तिच्याकडे जातात. ह्या वर्षभरात जी पुस्तकं आमच्या घरांत टिकली, भांडणं लावून गेली, पानं दुमडून परत आली, त्यांच्याबद्दल आज बोलायचंय. सगळी कोरी नवी नाहीत. आम्हाला नवी होती, एवढंच.

आधी अगदी लहानांचं. तीन ते सहा वर्षं. ह्या वयासाठी आम्ही डोळे मिटून माधुरी पुरंदरे ह्यांचं नाव घेतो. ‘राधाचं घर’ हा छोट्या छोट्या पुस्तकांचा संच आहे, राधाच्या घरातल्या माणसांबद्दलचा. यश नावाच्या मुलाचीही अशीच पुस्तकं आहेत. त्यांत राक्षस नाही, राजकन्या नाही, शेवटी तात्पर्य तर नाहीच नाही. कंटाळा येणं, पाहुणे येणं, मोठ्या शाळेत जाणं, असलं सगळं. चित्रंही त्यांचीच. बाईंना २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला.

आमच्यातल्या एकीच्या सासूबाई शाळेत गेलेल्या नाहीत. पण ‘राधाचं घर’ त्यांच्या हातात दिलं तर नातीला मांडीवर घेऊन चित्रावरून गोष्ट सांगतात. पुस्तकात काय लिहिलंय त्याच्याशी तिचा फारसा संबंध नसतो. राधाची आजी त्यांच्या गोष्टीत कापूस वेचायला जाते. नात एकदा आईला म्हणाली, “तुझं पुस्तक चुकीचं आहे, आजीचं बरोबर आहे.” तेव्हा वाचता येत नाही म्हणून पुस्तक नको, असं कुणी मनात आणू नका.

पैशांचा प्रश्न असेल तर दोन वाटा सांगतो. प्रथम बुक्सचं ‘स्टोरीविव्हर’ म्हणून आहे, त्यावर मराठीतल्या चित्रगोष्टी मोबाइलवर फुकट वाचता येतात. आणि बालभारतीचं ‘किशोर’ मासिक. १९७१ पासून निघतंय, आपल्यापैकी कित्येकींनी ते लहानपणी वाचलं असेल. त्याचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवलेत. आपण पाचवीत असताना वाचलेला अंक आपल्या मुलीला दाखवता येतो. आमच्या एकीने दाखवला. मुलीने अंक नीट वाचला नाही, पण आई पाचवीत होती ह्यावर तिचा विश्वास बसला.

तिसरी वाट ह्या शहराचीच आहे आणि आम्हाला तिचा अभिमान वाटतो. २०२१ च्या जानेवारीत, कोरोनाने शाळा बंद असताना, आपल्या शहरातल्या एका शाळकरी मुलीने मोहल्ल्यातल्या मुलांसाठी बालवाचनालय सुरू केलं. पाहता पाहता तशी वाचनालयं एकापाठोपाठ एका मोहल्ल्यात उभी राहिली. उर्दू, मराठी, हिंदी, इंग्रजी, सगळी पुस्तकं एकाच कपाटात. आमच्या भिशीतल्या पुस्तकांपैकी मुलांची वाचून झालेली पुस्तकं अशा ठिकाणी द्यायची, असं आम्ही ठरवलंय. पण खरं सांगायचं तर अजून पोरं पुस्तकं सोडायला तयार नाहीत.

आता आठ ते बारा वर्षं. इथे आमचा पहिला फज्जा उडाला. पहिल्या महिन्यात ज्या ताईची चिठ्ठी निघाली तिने मुलांसाठी थोरामोठ्यांची चरित्रं आणली. चांगली होती, छपाई सुबक होती, आणि कुणीही उघडली नाहीत. मुलांना ती शाळेचीच वाटली. मग दुसरीने ‘बोक्या सातबंडे’ आणला. दिलीप प्रभावळकरांचा हा खोडकर मुलगा पहिल्यांदा आकाशवाणीवर आला आणि मग पुस्तकात गेला, म्हणजे तो आपल्या रेडिओचाच नातेवाईक. २०११ चा अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्याला मिळालाय. हे पुस्तक आमच्या आठ घरांत फिरून आलं तेव्हा त्याला पाठ उरली नव्हती, खळ लावून चिकटवलं.

नंतर आम्ही एक सोपी युक्ती केली. अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार कुणाला मिळाला ते दरवर्षी पेपरात येतं, त्यातली गोष्टींची पुस्तकं शोधायची. सलीम मुल्ला हे वनखात्यात काम करणारे लेखक, त्यांच्या ‘जंगल खजिन्याचा शोध’ला २०१९ साली मिळाला. ज्यांची मुलं मोबाइलवर वाघाचे व्हिडिओ बघतात त्यांनी हे घ्या, कारण लिहिणारा माणूस रोज जंगलात जाणारा आहे. संगीता बर्वे ह्यांची ‘पियूची वही’, २०२२. शाळकरी पियू वहीत लिहिते, एवढंच. पण ती वाचून आमच्या दोन मुलींनी स्वतःच्या वह्या सुरू केल्या. दोन्ही वह्यांवर पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत ‘आईने वाचू नये’ लिहिलेलं आहे. आम्ही वाचलेल्या नाहीत. एकीने वाचली असावी असा आमचा संशय आहे.

भारत सासण्यांची ‘समशेर आणि भूतबंगला’ ही २०२४ ची. सासणे आपल्या जालन्याचे, उदगीरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. मोठ्यांसाठी गंभीर कथा लिहिणारा लेखक मुलांसाठी भूतबंगला बांधतो, ही गंमतच. २०२५ चा पुरस्कार नांदेडच्या सुरेश सावंतांच्या ‘आभाळमाया’ला मिळाला. त्या कविता आहेत, आजचा विषय गोष्टींचा, पण नांदेडचं नाव घेतल्याशिवाय आमच्यातली एकजण पुढे जाऊ देईना. तिचं माहेर तिथलं.

ह्या वयाच्या मुलांबाबत एक करा. पुस्तक अर्ध्यावर सोडलं तर सोडू द्या. “पैसे दिलेत, पूर्ण वाच,” हे वाक्य आम्ही सगळ्यांनी म्हणून पाहिलंय. पूर्ण वाचलेलं एकही पुस्तक आठवत नाही, त्या वाक्यानंतर नवं पुस्तक हातात न घेतलेली मुलं मात्र आठवतात.

आता चौदा-पंधरा-सोळा. ह्या वयाबद्दल बोलताना आम्हाला आमची चूक सांगावी लागणार.

मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ तुम्हाला माहीत असेल, निदान तिच्यावरचा सिनेमा. नववीतला मुकुंद जोशी, त्याला आवडणारी शिरोडकर, आजूबाजूला आणीबाणीचा काळ. आमच्यातल्या एकीची मुलगी तेव्हा नववीतच होती. भिशीच्या गठ्ठ्यातून तिने ‘शाळा’ उचलली आणि रात्री पांघरुणात वाचत बसली. आई उठली, “काय वाचायलीस गं?” म्हणून पुस्तक हातात घेतलं, दोन पानं चाळली, आणि काढून घेतलं. मुलगी काही बोलली नाही. आईने आम्हाला फोन केले. आणि आम्हीही, मोठ्या शहाण्या, म्हणालो की बरं केलंस, दहावी झाल्यावर वाचेल. एकीने तर पुस्तक गठ्ठ्यातूनच काढून टाकायचं सुचवलं. ती एकजण आत्ता इथे मायक्रोफोनसमोर बसलेली आहे.

पुढचे दोन महिने त्या मुलीने एकही पुस्तक मागितलं नाही. आईशी बोलणंही जेवलीस का, आलीस का एवढ्यावर आलं. मग एका दुपारी त्या आईने कपाटावर ठेवलेली ‘शाळा’ खाली काढली आणि स्वतः वाचायला घेतली. दोन रात्रींत संपवली. पुढच्या भिशीला ती आली तेव्हा चहा होईपर्यंत गप्प होती. मग म्हणाली, “मी नववीत असताना एक मुलगा स. भु.च्या फाटकाशी सायकल घेऊन उभा राहायचा. एक अक्षर बोलला नाही कधी. माझ्या बापाला कळलं आणि माझी शाळा बदलली. पुस्तकात काय आहे म्हणून मी काढून घेतलं, सांगा?”

तिने पुस्तक मुलीच्या उशाशी ठेवलं. काही बोलली नाही, सॉरीही म्हणाली नाही, आपल्याला ते जमत नाही. मुलीने ते वाचलं. त्यावर दोघींचं काय बोलणं झालं ते आम्हाला माहीत नाही आणि आम्ही विचारलं नाही. पण त्यानंतर आमच्यात नियम झाला की मुलीच्या हातातलं पुस्तक काढून घ्यायचं असेल, तर आधी स्वतः पूर्ण वाचायचं. पूर्ण वाचल्यावर काढून घेतलं, असं अजून एकदाही झालेलं नाही.

ह्याच वयासाठी प्रकाश नारायण संतांचा लंपन आहे. ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’. आईवडिलांपासून दूर, कर्नाटक सीमेकडच्या गावात आजी-आजोबांकडे राहणारा मुलगा. २०२४ मध्ये त्याच्यावर मालिका आली तेव्हा पोरांनी ती पाहिली आणि पुस्तक मागून घेतलं. हा क्रम उलटा असला तरी चालतो. मुलींसाठी शांता शेळक्यांनी मराठीत आणलेली ‘चौघीजणी’. अमेरिकेतल्या चार बहिणींची दीडशेहून जास्त वर्षांपूर्वीची गोष्ट, वडील युद्धावर गेलेले, आई घर चालवतेय. आमच्या मुली ज्योवर खूश असतात, कारण तिला लग्नापेक्षा लिहायचं असतं. आम्ही मात्र आता ती वाचताना आईच्या बाजूने वाचतो, हे लक्षात आल्यावर जरा हसू आलं.

बारावी-कॉलेजच्या मुलांना नवनाथ गोरे ह्यांची ‘फेसाटी’ द्या. जत तालुक्यातल्या गरीब घरातल्या पोराची शिकण्यासाठीची ओढाताण, तिथल्याच बोलीत. २०१८ चा अकादमीचा युवा पुरस्कार. आणि पुरस्कारानंतर, लॉकडाउनमध्ये, ह्या लेखकाला शेतात मजुरी करावी लागली, हे तेव्हा पेपरांत आलेलं आहे. मुलांनी विचारलं, मग शिकून काय उपयोग? आमच्याकडे पटकन देता येईल असं उत्तर नव्हतं. तुम्हालाही विचारतील, तयारी ठेवा. प्रणव सखदेव ह्यांची ‘काळेकरडे स्ट्रोक्स’ही युवा पुरस्काराची, २०२१ ची, शहरातल्या कॉलेजच्या पोरांची. ती मात्र अठरा पूर्ण झालेल्यांसाठी, ह्यावर आम्ही बारा जणी ठाम आहोत. पूर्ण वाचून ठाम आहोत.

बाबा भांड आपल्या शहराचे. त्यांची ‘दशक्रिया’ पैठणच्या घाटावरची. दशक्रियेच्या ठिकाणी राखेतून पैसे शोधणारा भानुदास नावाचा पोरगा. त्यावरच्या सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पैठणला आपण नाथषष्ठीला जातो, दशक्रियेला जातो, पण पाण्यात उभ्या असलेल्या त्या पोरांकडे पाहत नाही. पुस्तक वाचून आल्यावर आमच्यातल्या दोघी घाटावर गेल्या तेव्हा त्यांना ती पोरं दिसली. आधीही होतीच.

आता आपलं, मोठ्या बायकांचं. इथे जरा जास्त वेळ घेणार आहोत.

आमच्यात एक वहिनी आहेत, शिवणकाम करणाऱ्या. फॉल-पिको, ब्लाउज, जूनमध्ये शाळेचे गणवेश. औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत त्यांची एक खोली आहे, तिथे दोन मशिनी होत्या. एकेकाळी लग्नसराईत रात्री दोनपर्यंत दिवा जळायचा. आता बायका तयार ब्लाउज घेतात, ऑनलाइन मागवतात, आणि वहिनींकडे येतात ते तयार ब्लाउज उसवून ढिला करायला. त्यांची चिठ्ठी निघाली तेव्हा त्या म्हणाल्या, मला पुस्तकातलं काही कळत नाही, तुम्हीच आणा. कुणीतरी देविदास सौदागर ह्यांची ‘उसवण’ आणली. २०२४ चा अकादमीचा युवा पुरस्कार मिळालेली ही लहानशी कादंबरी. लेखक तुळजापूरचे, स्वतः शिवणकाम केलेले, रखवालदारीही केलेले. गोष्ट एका शिंप्याची. रेडिमेड कपडे आले आणि त्याच्या मशीनसमोरची गर्दी कशी हटत गेली, त्याची.

आम्ही ती मोठ्याने वाचायची ठरवली, वहिनींच्या खोलीतच. पहिल्या दिवशी वाचणारी एक, ऐकणाऱ्या सात-आठ. वहिनी काज करत ऐकत होत्या. थोडं वाचून झालं आणि त्यांनी हात थांबवला. म्हणाल्या, “हे लिहिणाऱ्याला कापड बेतता येतं.” एवढंच. आम्ही पुरस्कार-बिरस्कार सांगत होतो, त्यांना ते बघायचं नव्हतं. कात्री कशी धरायची हे ह्या माणसाला माहीत आहे, एवढं त्यांना पुरलं. चार दुपारी लागल्या. तिसऱ्या दुपारी त्या मध्येच उठून पाणी प्यायला गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. आम्ही वाचन थांबवलं. बाहेरून आवाज आला, “वाचा की, ऐकायलेय मी.”

पुस्तक संपल्यावर त्यांनी विचारलं, ह्या शिंप्याच्या बायकोच्या तोंडून कुणी लिहिलंय का? आम्ही एकमेकींकडे पाहिलं. आमच्यातल्या निवृत्त शिक्षिका काकूंना आठवलं, आणि त्या दुसऱ्याच दिवशी वाचनालयातून ‘पाचोळा’ घेऊन आल्या. रा. रं. बोराडे सरांची. सर लातूर जिल्ह्यातल्या काटगावचे, वैजापूरच्या आणि आपल्या देवगिरी कॉलेजचे प्राचार्य, २०२५ च्या फेब्रुवारीत गेले. ‘पाचोळा’ १९७१ ची. गावातल्या गंगाराम शिंप्याच्या घराची परवड, आणि सांगणारी त्याची बायको, तिच्या बोलीत. मधे पन्नासहून जास्त वर्षं, आणि मराठवाड्यातल्या दोन लेखकांनी शिंप्याचंच घर निवडलं. काकूंनी ती कॉलेजात असताना वाचली होती. तेव्हा आम्हाला भाषेबद्दल प्रश्न विचारायचे, म्हणाल्या, शिंप्याबद्दल कुणी काही विचारलं नाही. ‘पाचोळा’ अजून आमचं चालू आहे, हळूहळू, कारण वहिनी दर दोन पानांनी थांबवतात आणि त्यांच्या सासरचं काहीतरी सांगतात. खरं तर ऐकण्यासारखं तेच असतं.

दुसरं पुस्तक, कृष्णात खोत ह्यांचं ‘रिंगाण’, २०२३ चा अकादमी पुरस्कार. धरणाखाली गाव गेलेली माणसं, दुसरीकडे नेऊन वसवलेली, आणि जुन्या जागी मागे राहून रानटी झालेली म्हैस. देवाप्पा तिला आणायला परत जातो. खरं सांगायचं तर सुरुवातीची पानं आम्हाला जड गेली. भाषा कोल्हापूरकडची, आणि गोष्ट लवकर पुढे सरकत नाही. चौघींनी सोडून दिलं. ज्यांनी रेटलं त्यांना मात्र ती म्हैस काही दिवस घरात वावरल्यासारखी वाटत होती. आम्ही इथे नळाला पाणी किती दिवसांनी येणार ह्याची वाट बघत बसतो आणि आलं की ड्रम भरतो. ते पाणी जायकवाडीचं. १९७६ साली धरणाचं लोकार्पण झालं, नाथसागर भरला, आणि त्याच्याखाली गावं गेली. आमच्यातल्या एकीच्या आजीचं गाव त्यात आहे. ‘रिंगाण’ वाचल्यावर तिने आईला फोन करून त्या गावाबद्दल विचारलं. आईने सांगितलं की पाणी फार उतरलं की देवळाचा दगड दिसतो म्हणतात. त्याआधी तिने हे कधी सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं.

तिसरं ‘मध्यरात्रीनंतरचे तास’. मूळ तमिळ, सलमा ह्यांचं. मराठीत सोनाली नवांगुळ ह्यांनी आणलं आणि त्यांना त्यासाठी साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. तमिळनाडूतल्या एका गावातल्या मुस्लिम बायकांची ही कादंबरी. जाड आहे, माणसं खूप आहेत, सुरुवातीला कोण कुणाची कोण हे वहीत लिहून ठेवा, आम्ही ठेवलं. सलमा ह्यांना स्वतःला वयात आल्यावर शाळेतून काढून घरात बसवलं होतं. त्या चोरून वाचत राहिल्या, दुसऱ्या नावाने लिहीत राहिल्या, आणि पुढे पंचायतीच्या अध्यक्ष झाल्या. आमच्यातल्या तिघी मुस्लिम आहेत. त्यातली एक म्हणाली, “हे माझ्या खालाचं घर आहे.” दुसरी म्हणाली, “माझ्या घरी असं काहीच नव्हतं, हे वाचून लोक आम्हाला सगळ्यांना असंच समजतील.” त्यावर दुपारभर वाद झाला. मिटला नाही. पण बाकीच्या नऊ जणी, ज्यांनी शेजारी राहून ह्या घरांच्या आत कधी पाहिलं नव्हतं, त्यांनी त्या दुपारी फक्त ऐकलं. २०२५ साली कन्नडमधल्या बानू मुश्ताक ह्यांच्या कथांना आंतरराष्ट्रीय बुकर मिळाला, त्याही अशाच घरांतल्या बायकांच्या. त्या मराठीत हाताला लागल्या की आमचा वाद तिथून पुढे चालू होईल.

नंदा खरे ह्यांची ‘उद्या’ बारा जणींपैकी पाच जणींना फार आवडली, बाकीच्यांना नाही. आपल्यावर सतत कुणीतरी नजर ठेवून आहे अशा येऊ घातलेल्या काळाची ती गोष्ट. पुरस्कार जाहीर झाला तेव्हा लेखकाने तो नम्रपणे नाकारला. आवडलेल्या पाचही जणी मोबाइल वापरण्यात पटाईत आहेत, ह्यावरून काय समजायचं ते तुम्ही समजा. परभणीच्या आसाराम लोमटे ह्यांचा ‘आलोक’ हा कथासंग्रह, २०१६ चा अकादमी पुरस्कार, ज्यांना जाड पुस्तक झेपत नाही त्यांनी घ्यावा. एका बैठकीत एक कथा होते आणि आपल्याच शिवारातली असते. आणि कविता महाजन ह्यांची ‘ब्र’. जुनी आहे, २००५ ची, पण महिला सरपंचांबद्दल अजून तिच्यासारखं आमच्या वाचण्यात आलं नाही. लेखिका नांदेडमध्ये जन्मलेली. माहेरवाली मैत्रीण पुन्हा खूश.

पुस्तकं कुठे मिळतील, हे बऱ्याच जणी विचारतात. औरंगपुऱ्यात, अर्थातच. फक्त जूनमध्ये जाऊ नका, दुकानदाराला बोलायला वेळ नसतो. जुलैत जा. नाव आणि लेखक कागदावर लिहून न्या, नसेल तर मागवून द्यायला सांगा. पहिल्यांदा एका दुकानात आम्हाला “ते चालत नाही” असं ऐकायला मिळालं. बारा जणी बारा वेळा विचारून आल्यावर चालायला लागलं. विकत घेणं जमणार नसेल तर सार्वजनिक वाचनालयात अनामत भरा, घरातल्या मुलांचंही नाव घाला. काकूंची ‘पाचोळा’ची प्रत तिथलीच, आणि तिच्यावरचा आधीचा तारखेचा शिक्का बराच जुना होता.

आज इथे भाषण वाचायला वहिनी येणार होत्या. त्यांचा आवाज आमच्या सगळ्यांपेक्षा चांगला आहे. पण जून आहे, गणवेशांचं काम आलंय, ह्या वर्षी गेल्या वर्षीपेक्षा थोडं जास्त. दोनपैकी एक मशीन त्यांनी मार्चमध्ये विकली. दुसरी विकायची की नाही हे दिवाळीनंतर बघू म्हणतात. त्यांनी निरोप दिलाय की ‘पाचोळा’ची पुढची बैठक शुक्रवारी दुपारी त्यांच्याच खोलीत करा, हात चालू ठेवून ऐकता येईल. तसंच करतोय. मशीनचा आवाज फार झाला की वाचणारी थांबते, आणि पारबती काही महत्त्वाचं बोलायला लागली की वहिनीच पायडलवरचा पाय काढतात. ज्यांना यायचंय त्यांनी या. चटई आहे, चहा आहे. सुई सांभाळून बसा.